नागपंचमीला खणलेला मोथा

लव्हाळ्याला गवत म्हणणाऱ्या माणसाचा मला अजून राग येतो. घरातली मंडळी हसतात. म्हणतात, हिरवा आहे, पातं लांबट आहे, शेतात न बोलावता येतो, मग गवत नाही तर काय? मी म्हणते, वाद नंतर घाला, आधी काडी आणा. ती चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी गोल, ती बोटांत गरागरा फिरते. लव्हाळ्याची अडखळते, कारण तिला तीन धारा असतात. हा फरक ज्याला बोटांनी कळला त्याला पुस्तक नसलं तरी चालतं.

मी हे सांगलीला शिकले. लढाईची वर्षं होती. माझे मामा माधवनगरला गिरणीत कामाला होते, त्यांच्याकडं राहून मी कॉलेजात जात होते. वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यामुळं चुकलं की सगळा वर्ग मागं वळून बघायचा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक तापट होते. त्यांनी एकदा प्रत्येकाच्या हातात दोन काड्या दिल्या आणि डोळे मिटायला लावले. गवताची काडी पोकळ, तिला पेरं असतात, पानं दोन रांगांत येतात, आणि पानाचं म्यान एका बाजूनं चिरलेलं असतं. लव्हाळ्याची काडी भरीव, वरपर्यंत पेर म्हणून नाही, पानं तीन रांगांत, आणि म्यान नळीसारखं सगळीकडून बंद. म्हणून दोघांची कुळं वेगळी. एक गवताचं कुळ, दुसरं लव्हाळ्याचं, म्हणजे मोथ्याचं. मला ते ऐकून गंमत वाटली होती. आमच्या शेतातल्या त्या नतद्रष्ट तणालाही कूळबीळ असतं हे गावात सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

त्याच वर्षी श्रावणात नागपंचमीला मी गावी आले. आमचं गाव उंब्रजच्या जवळ, नदीच्या काठाला. घरात आई, आबा, वहिनी आणि वहिनीचं तान्हं बाळ. माझा मोठा भाऊ पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी. बाळ झालं ते तो गेल्यानंतर, त्यामुळं त्यानं मुलाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आणि आई? आईचा धाक असा की आमच्या घरातलं मांजरसुद्धा तिला विचारून दुधाला तोंड लावायचं. मी कॉलेजात गेले, इंग्रजी वाचायला लागले, पण आईनं नुसतं "काय गं?" म्हटलं तरी मी हातातलं पुस्तक मिटून ठेवायचे.

बाळाला रोज सकाळी गुटी दिली जायची. वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, असं एकेक सहाणेवर दुधात उगाळून चाटवायचं. त्यात नागरमोथा लागतोच, पोटदुखीला. आमचा मोथा उंब्रजच्या बाजारात एका म्हाताऱ्या चाचांकडून यायचा. पण लढाईमुळं माल येईना. चाचा हात जोडून म्हणाले, "पुढच्या बाजारी बघू, आक्का." त्या पुढच्या बाजाराला काही अंत नव्हता. वहिनी पाटणकडची, डोंगरातली. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं वड्याच्या कडंला खणून आणत्यात. लव्हाळ्याच्या बुडाला गाठी असत्यात, त्योच मोथा." आई काही बोलली नाही, म्हणजे तिला पटलं होतं.

नागपंचमीच्या पहाटे बाळाचं पोट दुखायला लागलं. पाय पोटाशी घेऊन कळवळून रडत होतं. वहिनी फटफटताच खुरपं घेऊन नदीला गेली, लव्हाळ्याच्या गाठी खणून आणल्या, धुतल्या, उगाळल्या आणि बाळाला चाटवल्या. बाळ थोड्या वेळानं शांत झालं. आता, नागपंचमीला आमच्याकडं जमीन खणत नाहीत, विळीवर काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. न जाणो, मातीखालच्या नागाला इजा व्हायची. हे वहिनीला माहीत नव्हतं असं नाही. पण पोटचं पोर कळवळत असताना पंचमी कोण बघतं?

दुपारी गावातल्या सगळ्या बाया वारूळ पुजायला निघाल्या. बाळ झोळीत झोपलं होतं, त्याच्यापाशी आबा बसले. आम्ही वारुळाला लाह्या-दूध वाहिलं, फेर धरला, गाणी झाली. वहिनीचं मन घराकडंच होतं. परत आलो तेव्हा बाळ अजून झोपलेलंच. वहिनीनं पाजायला उचललं तर त्याची मान मागं पडली. तिनं गालाला टिचकी मारली, पायाला गुदगुल्या केल्या. बाळ हलेना. श्वास चालू होता, पण एक झाला की दुसरा येतोय की नाही याची वाट बघावी लागत होती. ओठांभोवती निळसर झाक आली होती.

"काय घातलंस माझ्या लेकराच्या पोटात?" आई ओरडली.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांनी पहाटे वहिनीला खुरपं घेऊन नदीकडून येताना बघितलं होतं, आणि ते त्यांनी ताबडतोब सांगून टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला! "अगं बाई, पंचमीला माती उकरली? आन् ततं तर कुपाटीला खड्यानाग फुललाय. त्येचीच गाठ खणली आसंल हिनं!"

खड्यानाग म्हणजे कळलावी. पिवळ्या-तांबड्या ज्वाळेसारखी फुलं येतात, श्रावणात कुंपणाला वेल चढते. तिचा कंद जहर. आमच्या भागात जनावर दगावलं तरी आधी तिचंच नाव निघायचं. नाव ऐकताच आईनं उरलेल्या सगळ्या गाठी उचलल्या आणि चुलीत फेकल्या. चुलीवर दिंडं उकडत होती, खाली जाळ रसरसलेला. मी "आई, नको" म्हणेपर्यंत त्या पेटल्याही होत्या. आबा सायकल काढून उंब्रजला डॉक्टरांना आणायला गेले.

मी सहाणेला नाक लावलं. मोथ्याचा वास येत होता असं वाटलं, पण वेखंडाचा उग्र वास सगळ्यावर बसला होता. वासावर विश्वास ठेवावा असं काही उरलं नव्हतं. गाठी जळून गेल्या होत्या. वहिनीनं कुठलं झाड खणलं हे आता फक्त नदीकाठची माती सांगू शकत होती.

"चल," मी वहिनीला म्हटलं, "कुठं खणलंस ते दाव."

बाळाला सोडून यायला ती तयार नव्हती. पण आईनंच तिला ढकललं. "जा! दाव तिला कसलं इख आणलंस ते!"

आम्ही पांदीतून जवळजवळ पळतच गेलो. मी विचारत होते, "पानं कशी व्हती? फूल व्हतं का?" आणि ती फक्त मान हलवत होती, व्हय म्हणून की न्हाई म्हणून ते कळत नव्हतं. खोटं कशाला बोलू, तिच्या गप्प बसण्याचा मी वाईट अर्थ घेतला. मला वाटलं, हिला कळून चुकलंय की आपल्या हातून विपरीत झालं. आणि माझ्या मनात भावाचा चेहरा आला. त्याला काय सांगायचं? तू न बघितलेला मुलगा तुझ्याच बायकोनं विष घालून मारला?

आम्ही जागेवर पोचलो. उकरलेला खड्डा कुंपणाला चिकटून होता, आणि खड्ड्याच्या बरोबर वर कळलावीची वेल फुलांनी लवली होती. खड्ड्याच्या कडेला वहिनीनं गाठी तोडून टाकलेला पाला पडला होता. अर्धा वाळलेला, गुंडाळलेला, तुडवलेला. पानावरच्या शिरा सरळ, एकमेकींना समांतर. मनाशी म्हटलं, पण कळलावीच्या पानाच्या शिराही तशाच असतात! ती लिलीच्या कुळातली. नुसत्या शिरांवरून काहीच ठरत नाही. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, पण इथं सगळ्याच पानांची टोकं वाळून वळली होती. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर चूक झाली तर वर्ग मागं वळून बघतो. इथं चूक झाली तर बाळ जाणार होतं, कारण मी जे सांगेन त्यावर डॉक्टर औषध देणार होते.

मी एक काडी उचलली. वाळून ती मऊ पडली होती, बोटांत फिरवताच येईना. मग मांडीवर ठेवून अंगठ्यानं दाबली. धार लागली. थोडी फिरवली, दुसरी धार. आणखी फिरवली, तिसरी. नखानं मोडली तर आत पांढरा भरीव गाभा. पेर कुठंच नाही. बुडाशी पानाचं म्यान ओढून बघितलं, ते चिरलेलं नव्हतं, नळीसारखं बंद होतं. वरच्या टोकाला तीन लांब पानं छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली, आणि त्यांच्यामधून तांबूस तपकिरी चपटी कणसं निघालेली. पाकळी नावाला नाही, नुसते खवले, खवल्याआड एकेक बारीक फूल. कळलावीच्या ज्वाळेचा इथं मागमूसही नव्हता. मी एक एक काडी तपासली. सगळ्या तिधारी.

तरी मन मानेना. पाला लव्हाळ्याचा, पण गाठी? त्याच खड्ड्यातून कळलावीचा कंद निघाला असेल तर? लव्हाळ्याची गाठ म्हणजे मूळ नव्हे, ते जमिनीखालचं खोडच असतं. तारेसारख्या बारीक धाग्यावर काळ्या गाठी मण्यांसारख्या ओवलेल्या असतात, धागा तुटला की बाकीच्या मातीत राहतात. कळलावीचा कंद मात्र गुळगुळीत, फिकट, दोन फाट्यांचा, नांगरासारखा. म्हणजे वेलीच्या बुडाशी खणून तो जागेवर आहे का हे बघायला हवं होतं. मी खुरपं घेतलं आणि हात थांबला. पंचमीला माती! शास्त्र शिकलेली मी, इंग्रजीतून कुळं पाठ केलेली मी, आणि खुरपं मातीला लावायला धजेना. पहाटे वहिनीनं खणलं आणि दुपारी बाळ निळं पडलं, हेच डोक्यात घुमत होतं. शेवटी डोळे मिटून खुरपं घातलं. माती घट्ट होती, कुणी हात न लावलेली. खाली तो कंद, दोन फाट्यांचा, अख्खा. आणि वहिनीच्या खड्ड्याच्या भिंतीत तुटलेले काळे धागे लोंबत होते, एकाला एक गाठ अजून चिकटलेली. मी ती फोडली. आतून पांढरट, आणि वास तोच मोथ्याचा, बाळंतिणीच्या खोलीतला.

"वैनी!" मी ओरडलेच. "मोथाच हाय गं! तू इख न्हाई दिलंस."

मला वाटलं ती रडेल, मिठी मारेल. ती मटकन खाली बसली.

"ती गाठच इखारी निघाली असती तर बरं झालं असतं, वन्सं," ती म्हणाली.

मला वाटलं, हिला वेड लागलं.

"आता मला ठावं हाय काय झालं त्ये," ती म्हणाली. "आत्याबायंनी चाटवलीया. अफू. मी बघितलं न्हाई. पर वारुळाला निघताना बाळाच्या व्हटाला काळं व्हतं, आन् डबी कोनाड्यातनं खाली आल्याली. मी म्हटलं, मुळीनंच झालं आसंल. देवा, मुळीनंच झालेलं आसू दे, म्हटलं."

आत्याबाय म्हणजे माझी आई. त्या काळी रानात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची कणी चाटवून झोपवत, हे मला माहीत होतं. आमच्या घरी ते बंद होतं. भाऊ पलटणीत जाण्यापूर्वी आईला सांगून गेला होता, माझं मूल झालं तर त्याला अफू लावायची नाही, आणि आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं.

"मग सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"मी सांगू? आत्याबायंचं नाव मी घेऊ?" वहिनी म्हणाली. "कोण खरं मानंल? आन् तुमच्या भावाला काय वाटंल? तुमी बी घेऊ नका, वन्सं. पाया पडते."

माझीही आईसमोर बोलायची छाती नव्हती हे ती जाणून होती. आम्ही परत निघालो. हातात मी तिधारी काड्या आणि ती एक गाठ घट्ट धरली होती. येताना आम्ही पळत होतो तरी वाट सरत नव्हती.

घरी डॉक्टर आलेले होते. बाळाच्या पापण्या वर करून बघत होते. आई सांगत होती, "खड्यानाग दिलाय हिनं, खड्यानाग." डॉक्टर चिडले होते. "डोळे एक सांगतायत, तुम्ही दुसरंच सांगताय. मला नक्की काय दिलं ते कळलं पाहिजे. उपाय वेगवेगळे आहेत."

मी काड्या पुढं केल्या. "डॉक्टर, हा मोथा आहे. खोड तिधारी, भरीव, म्यान बंद. गाठ हीच. शेजारच्या कळलावीचा कंद जागेवर आहे, मी खणून बघितला." त्यांनी एक काडी घेतली, बोटांत फिरवली आणि ठेवून दिली.

"मोथ्यानं काही होत नाही," ते म्हणाले. "मग डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या बारीक झाल्यात त्या अफूनंच. कुणी दिली?"

आई भिंतीकडं बघत होती. मी आईकडं बघितलं. खरंच सांगते, बाळाचा जीव जात होता आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. आबा सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते.

"म्या दिली," दारातून वहिनी म्हणाली.

आबांनी कपाळावर हात मारला. काकूंनी तोंडाला पदर लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्याशानं स्वतःच मान पुढं केली होती. आईनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टर पिशवीतून नळी काढत होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "किती?"

वहिनी बाळाकडं बघत होती.

"बाई, किती दिलीत? तिळाएवढी, मोहरीएवढी, ज्वारीएवढी? कधी दिलीत? त्यावर सुईतलं औषध ठरणार आहे. लवकर बोला!"

वहिनी ओठ हलवत होती. ती काय सांगणार? अंदाजानं सांगितलं आणि चुकलं तर? तिनं सासूकडं बघितलं. नुसतं बघितलं. बाळानं एक श्वास घेतला आणि दुसरा येईना. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

"मोहरीएवढी," आई म्हणाली. तिचा आवाज मी ओळखला नाही. "पहाटं एक. रडत व्हतं म्हून. आन् वारुळाला जाताना पुन्यांदा एक."

बाळानं श्वास घेतला.

मग डॉक्टरांनी काय काय केलं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. पोट धुवायची नळी, जांभळं पाणी, दंडात सुई. तळपायाला टिचक्या मारत राहा, झोपू देऊ नका, असं ते सारखं बजावत होते. मी आणि वहिनी आळीपाळीनं टिचक्या मारत होतो. कोऱ्या चहाचे थेंब चमच्यानं घातले. आई कोपऱ्यात उभी होती, तिला कुणी काही करायला सांगितलं नाही आणि तीही पुढं झाली नाही. उन्हं उतरली तेव्हा बाळानं तोंड वाकडं केलं, हुंकार दिला आणि मग असं टाहो फोडून रडलं की काकूंनी अंगणातून हात जोडले. ते रडणं ऐकून मी पण रडले.

आई पुढं आली. सवयीनं दोन्ही हात पसरले, बाळाला घ्यायला. घरात बाळ रडलं की ते आईच्या हातात जायचं, तसाच रिवाज होता, आणि वहिनीनं आजवर कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही ती काही बोलली नाही. ती बाळासकट वळली आणि भिंतीकडं तोंड करून पाजायला बसली. आई तशीच हात पुढं करून उभी राहिली. माझ्या आयुष्यात मला आईची पहिल्यांदा कीव आली.

गावात मात्र पुढं कितीतरी दिवस हीच गोष्ट सांगितली गेली की पाटणकडच्या सुनेनं पंचमीला माती उकरली म्हणून पोर मरता मरता वाचलं. काकूंनी सगळं कानांनी ऐकलं होतं, तरी त्याही हेच सांगायच्या. वहिनीनं कुणाला दुरुस्त केलं नाही. आईनंही नाही. भावाला ते कुणी कळवलं नाही. फक्त एवढंच झालं, की त्या दिवसापासून बाळ रडलं की आई आधी वहिनीकडं बघायची, आणि वहिनीनं मान हलवली तरच हात पुढं करायची.